खंडीच्या खाली तुकडी नाही

डॉक्टर गोळे माणसं बघत नाहीत, मोजतात. भोरच्या एसटी स्टँडवर मोजतात, मयतीला गेले तरी मोजतात. मोजून झालं की हनुवटी जराशी वर करतात आणि निकाल देतात. निकाल दोनच : "टिकतील" किंवा "पळतील". माझ्या पुतणीच्या लग्नात मुलाकडची मंडळी मांडवात शिरताच डॉक्टर माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "बारा. पळतील." आमच्या वहिनीनं ते ऐकलं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता. ती मंडळी पळालीच, पण जेवून आणि टेम्पोवाला घाई करत होता म्हणून. डॉक्टरांना कारणाशी कर्तव्य नव्हतं. ते जिलबी चघळत माझ्याकडे सेनापतीच्या नजरेनं बघत होते.

डॉक्टर जनावरांचे. सगळी नोकरी भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, धनगरांच्या वाड्यांवर मेंढरांना लस टोचण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं शेतघर बांधतात किंवा व्याख्यानं देतात. डॉक्टरांनी फौज उभारली. इंचभर उंचीचे शिपाई, भालाईत आणि घोडेस्वार मागवायचे, बारीक कुंचल्यानं एकेकाच्या मिशा रंगवायच्या आणि ते टेबलावर लढवायचे. टेबल म्हणजे दोन लाकडी घोड्यांवर टाकलेलं जुनं दार. त्यावर थर्माकोलचे डोंगर, मध्ये खिंड, आणि गोळेवहिनींच्या निळ्या ब्लाउजपिसाचं भाटघर धरण. गोळेवहिनी गेल्यानंतर धरणाचा विस्तार पुष्कळ वाढला होता. अडवणारं कुणी नव्हतं.

या खेळात लढाई फाशांवर होते, पण डॉक्टरांच्या मते खरी लढाई त्याआधीच झालेली असते. दोन्ही बाजूंना चाळीस शिपाई. त्यांच्या तुकड्या किती आणि केवढ्या पाडायच्या, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. तुकडीतली माणसं पडली की उरलेल्यांनी धीर धरला की नाही, यासाठी फासा टाकतात. मोठी तुकडी असेल तर एक सोडून काहीही पडलं तरी ती उभी राहते. लहान तुकडीला पाच नाहीतर सहाच लागतो. नाहीतर ती पळाली, टेबलावरून उचलायची. मात्र मोठी तुकडी एका वेळी एकाच ठिकाणी असते. लहान तुकड्या चहूकडे घुसतात.

"खंडीच्या खाली तुकडी नाही," हे डॉक्टरांचं ब्रह्मवाक्य. खंडी म्हणजे वीस. मेंढरं मोजायचा हिशेब. वीस मेंढरं कुत्रा भुंकला तरी एकमेकांत डोकी खुपसून उभी राहतात, कमी असली की उधळतात, असं त्यांचं निरीक्षण. त्याला पुरावा म्हणून वेल्ह्याच्या वरच्या वाडीतला म्हाळूबा धनगर हजर असे. डॉक्टर निवृत्त झाले हे त्याला सांगितलेलं होतं, पण पटलेलं नव्हतं. बाजाराला आला की तो एखादं आजारी कोकरू घेऊन डॉक्टरांच्या ओट्यावर बसायचा. "व्हय," तो म्हणायचा, "पाच मेंढरांना कळप न्हाई म्हनत डाक्टर. पाच म्हंजी चुकल्याली."

एरवी डॉक्टर उजव्या हाताची फौज डाव्या हाताविरुद्ध लढवत. डावा हात लबाड आहे, अशी त्यांची तक्रार होती. खरी जोडीदार म्हणजे लेक मेधा. लहानपणापासून तीच समोर बसायची. आता ती पुण्याला, बँकेत.

गेल्या दिवाळीत डॉक्टर न्हाणीघरात पडले. मी शेजारून हाका ऐकून गेलो तेव्हा ते फरशीवर आडवे होते आणि मला बघताच म्हणाले, "एकटा होतो. टिकलो नाही." त्यानंतर मेधानं धोशा लावला : बाबा, पुण्याला चला. डॉक्टरांनी भर चौकात, चहाच्या टपरीवर, दहाबारा लोकांसमोर जाहीर केलं की गोळ्यांचा झेंडा भोरातून हलणार नाही. एवढं बोलल्यावर माणूस अडकतो. भोरात शब्द मागे घेण्यापेक्षा घर विकणं सोपं.

मेधा बापाचीच लेक. ती म्हणाली, "मग लढाईवर ठेवूया. मी जिंकले तर तुम्ही पुण्याला. तुम्ही जिंकलात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. कधीच."

"मंजूर," डॉक्टर म्हणाले. "पंच हे." हे म्हणजे मी.

पुढचा आठवडा मला वाईट गेला. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी येत. "विसाच्या दोन, की दहाच्या चार?" मी म्हणे, "तुमचंच वाक्य आहे ना, खंडीच्या खाली..." "ते झालंच हो," म्हणून ते निघून जात. पाठ जरा वाकलेली. मला वाटायचं, धास्ती घेतली. मीही घेतलीच होती. डॉक्टर हरले तर शेजार ओसाड. जिंकले तर पुन्हा कधी हाका येतील, आणि तेव्हा मी घरी असेन की नाही, कोण सांगणार?

रविवारी मेधा गाडी घेऊन आली. म्हाळूबा कोकरासकट दाराशी बसला होता. दोन्ही फौजा टॉवेलखाली झाकलेल्या. मी "उघडा" म्हटलं.

मेधाच्या बाजूला विसाच्या दोन तुकड्या, रेखीव, बापानं शिकवल्या तशा. डॉक्टरांनी आपला टॉवेल ओढला. पाच-पाचांच्या आठ.

"बाबा, हे काय?"

"डावपेच."

"हे कसले डावपेच? ही तर गर्दी पांगल्यासारखी दिसतीय."

"लई वंगाळ," दारातून म्हाळूबा म्हणाला. "सांजंपतुर लांडगं खात्यात बगा समदी."

"तू कोकराकडं बघ," डॉक्टर खेकसले.

खेळ सुरू झाला. नियम साधा : ठरलेल्या फेऱ्या संपताना खिंडीत ज्याची तुकडी उभी, तो जिंकला. पहिल्याच चढाईत मेधानं पाचातले दोन पाडले. डॉक्टरांनी फासा टाकला. तीन. तुकडी पळाली. ते शिपाई डब्यात ठेवताना त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. दुसरीही पळाली, तिसरीही. मी मनातल्या मनात शेजाऱ्याला निरोप दिला.

मग फासे फिरले. चौथ्या तुकडीला सहा पडला. डॉक्टर फाशाकडे खुळ्यासारखे बघत राहिले. पाचवीला पाच. मेधाची एक आख्खी खंडी त्या उरलेल्या चिल्लर तुकड्यांमागे धरणाच्या पलीकडे ओढली गेली. तिला परत यायला वेळ उरला नाही. आणि एक पाचाची तुकडी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, खिंडीत जाऊन उभी राहिली.

"उरावर बसताय की बाबा," मेधा म्हणाली. आवाज कोरडा. तिनं ओढणीनं कपाळ पुसलं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. जिंकत आलेल्या माणसाच्या कपाळावर एवढा घाम मी पाहिलेला नव्हता. त्यांनी आपली माणसं खिंडीतून काढून घ्यायला हात पुढे केला.

"तुमची पाळी नाही," मी म्हणालो. पंचगिरी अंगात भिनली की माणूस असा गाढव होतो. म्हणालो आणि मग मला समजलं. ज्या माणसानं जन्मभर विसाखाली तुकडी पाडली नाही, तो आज पाचांवर का आला. टपरीवर दिलेला शब्द गिळायची सोय नव्हती. हरायची होती.

शेवटची फेरी. मेधाची दुसरी खंडी खिंडीवर तुटून पडली. पाचातले तिघे आडवे झाले, दोघे उरले. त्या दोघांचा फासा. पाच किंवा सहा पडला तर दोघेही तिथेच उभे राहणार, आणि डॉक्टर भोरातच. खोलीत कोकराचा श्वास ऐकू येत होता. मेधा टेबलाची कड धरून उभी होती.

डॉक्टरांनी टाकला. फासा थर्माकोलच्या डोंगराला लागून थांबला. सहा.

मेधानं मान खाली घातली. "ठीक आहे," ती हळूच म्हणाली. "बोलल्याप्रमाणं. पुन्हा नाही म्हणणार."

"तिरका आहे," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"फासा तिरका पडलाय. डोंगराला टेकलाय. तिरका धरत नाहीत." आणि माझ्याकडे वळून, घसा खाकरून, "काय हो पंच?"

मी वाकून बघितलं. फासा पाटासारखा सपाट होता.

"तिरका," मी म्हणालो. "पुन्हा टाका."

"आवं सरळ हाय की!" म्हाळूबा ओरडला. "म्या हितनं बगतुय!"

"म्हाळूबा, चहा घेणार का?" मी विचारलं.

या खेपेला डॉक्टरांनी फासा इतक्या जोरात फेकला की तो धरण ओलांडून टेबलाखाली गडगडत गेला. मेधा वाकायला लागली, तशी त्यांनी हातानं तिला थांबवलं. गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, ते स्वतः टेबलाखाली गेले. बराच वेळ त्यांच्या फक्त तळव्यांच्या भेगा दिसत होत्या.

"दोन!" खालून आवाज आला.

म्हाळूबा खात्री करायला उठत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

डॉक्टर बाहेर येईनात. गुडघा धरला होता की आणखी काही, वरून कळत नव्हतं. मेधा फरशीवर बसली आणि तिनं टेबलाखाली दोन्ही हात घातले. फासा तिच्या पायाशीच पडला होता. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"या बाबा," ती म्हणाली, "हळू या. डोकं सांभाळा."