बारशात काढलेला सदरा

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. आता सत्तरी उलटली, म्हणून लिहितो.

वत्सलाताई दिसेल त्याचं वजन करायच्या. रोह्यात आमच्या आळीत त्या सरकारी नर्स होत्या. वर्षाच्या आतलं एकही बाळ दगावू द्यायचं नाही, ही मोहीम सरकारची. पण झपाटलेल्या ताई. खांद्याला कायम झोळीचा वजनकाटा. बाळ मिळालं नाही तर फणस टांगायच्या, मांजर टांगायच्या. "हात चालू राह्यला पायजे, भाऊ!"

दृष्ट लागेल म्हणून बायका बाळाचं वजन करू देत नसत. मग ताई दारातूनच ओरडायच्या, "काय गो हे माकड! आण इकडं!" एवढ्या निंदेनंतर दृष्ट कसली लागते? बायका हसत बाळ झोळीत घालायच्या.

माझ्या नातवाचं बारसं होतं. मुलगा डोलवीच्या पोलाद कारखान्यात शिफ्टवर, सून आत तापानं पडलेली, समोर पुण्याचे व्याही. ताई आल्या आणि त्यांनी पाळण्यातलं बाळ थेट झोपाळ्याच्या कडीला टांगलं.

"दोन किलोलाबी कमी हाय. तळवे गार! भाऊ, सदरा काढा."

"कोणाचा?"

"तुमचा! पोराला अंगाची ऊब पायजे. आई तापात हाय, तुम्ही रिकामेच हाव."

मी उघडा बसलो. छातीवर बाळ, वरून बायकोची शाल. बायका माझ्याकडे बघत पाळणा म्हणत होत्या. व्याही म्हणाले, "नाव कोणाचं ठेवायचं? बाळाचं की आजोबांचं?"

संध्याकाळपर्यंत बाळाचे तळवे कोमट झाले. ते दूध ओढू लागलं. मी मात्र तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याला अर्ज लिहिला: सदर नर्स घरगुती समारंभात घुसून वडीलधाऱ्यांचा अपमान करतात. खाली सही केली नाही. महिन्याभरात ताईंची पेणला बदली झाली.

नातू आता सातवीत आहे. परवा क्षमेची वाक्यं पाठ करून मी पेणला गेलो. गणपतीच्या कारखान्याशेजारी ताई एकट्याच राहतात. कारागीर म्हणाला, "जपून हां, काल मूर्ती टांगायला निघाल्या होत्या!"

खोलीत तोच काटा होता. झोळीत एक इवलंसं, पिवळं पडलेलं झबलं.

"माझ्या पोराचं," ताई म्हणाल्या. "नऊ दिवस होतं. त्याचं वजन कुणी केलंच नाय."

त्यांनी चहा दिला. "बदली झाली तेव्हा शेजारणी म्हणायच्या, अर्ज भाऊंनीच केला. मी म्हटलं, गप बसा गो! भर बारशात सदरा काढणारा माणूस असं करंल व्हय?"

"ताई..."

"काय, भाऊ?"

"साखर जरा जास्त झालीय," मी म्हणालो.