पयलीचा चौदावा नियम

"माझ्याजवळ चार आहेत, पण खरं सांगतो, पयलीची सर कोणाले नाही."

रामटेके काका हे वाक्य कोणालाही, कुठेही ऐकवतात. लिफ्टमध्ये, भाजीच्या ठेल्यावर, एकदा तर शोकसभेत. आमच्या धरमपेठेतल्या सोसायटीत तळमजल्यावर नवीन भाडेकरू आले, तेव्हा त्या घरच्या बाईंनाही काकांनी हेच सांगितलं. वर माहिती पुरवली, "दुसरी दिसाले रंगीत, पण डोकं नाही. तिसरी मुंबईची. चौथीचा तर नुसता तामझाम." त्या बाई संध्याकाळी माझ्याकडे आल्या, कारण मी सोसायटीची सेक्रेटरी. "मॅडम, इथं फॅमिलीवाले लोक राहतात ना?" म्हणाल्या. मी चहा पीत होते, मला ठसकाच लागला.

चार बायका नव्हेत हो. चार आवृत्त्या. 'नाकेबंदी' नावाच्या खेळाच्या.

हा खेळ तुम्हाला माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, नागपूरबाहेर तो फारसा कोणाला माहीत नाही. पटावर रस्ते आणि नाके असतात, हातात पत्ते असतात. पत्ता टाकून समोरच्याचा रस्ता अडवायचा आणि आपली गाडी त्याच्याआधी बाजारात पोचवायची. बस, एवढंच. पण एवढ्यावर रामटेके काका अडीच तास बोलू शकतात. मी घड्याळ लावून ऐकलंय, म्हणून सांगते.

काका बहात्तर वर्षांचे. नाव सुखदेव. सगळी नोकरी जमिनीचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे रेघ वाकडी दिसली की त्यांना रात्रीचं जेवण जात नाही. त्यांच्या बैठकीत टीव्हीच्या जागी सागवानी फळी आहे आणि त्या फळीवर चार डबे. डब्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे. हात धुतले तरी पुसल्याशिवाय लावायचा नाही. आणि मत द्यायचं असेल तर आधी नियमांची पुस्तिका वाचायची. "पयले वाचा, मंग बोला," हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. हे ते डॉक्टरलाही म्हणतात.

पहिली आवृत्ती लकडगंजातल्या एका छापखान्यानं काढली होती. तो छापखाना कधीच बंद झाला. त्यातल्या बैलगाड्या खऱ्या सागाच्या, शेजारच्या आरागिरणीतल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या. काका त्या गाडीचं चाक बोटानं फिरवून दाखवतात आणि आपण "वा" म्हणेपर्यंत फिरवत राहतात.

दुसरी आवृत्ती दुसऱ्याच कोणी काढली आणि तिथं घोटाळा झाला. पहिलीत नाक्यावर उभा करायचा एक पत्ता होता, 'संत्री'. संत्री म्हणजे पहारेकरी, बंदूकवाला. आता दुसरीच्या चित्रकाराला कोणीतरी सांगितलं असणार की खेळ नागपूरचा आहे. त्यानं पत्त्यावर काढली दोन संत्री. पानासकट. नाक्यावर ट्रक थांबलाय आणि त्याला अडवून उभी आहेत दोन फळं.

"हे पाह्य," काका तो पत्ता माझ्या नाकासमोर धरतात, "ट्रकवाला काहून थांबन वं याच्यासाठी? सोलून खाईन अन् पुढं जाईन."

तिसरी मुंबईच्या कंपनीनं काढली. त्यांनी पटाच्या डाव्या अंगाला समुद्र टाकला. काकांनी त्यांना तीन पत्रं लिहिली, सोबत हातानं काढलेला नकाशा जोडून. तिन्ही पत्रांत एकच प्रश्न होता: अंबाझरीच्या तलावाले भरती येते काय? उत्तर आलं नाही. चौथी आवृत्ती अलीकडची, सीताबर्डीवर मिळते. बैलगाडीची आता मेट्रो झाली आहे आणि डब्यात एक वाळूचं घड्याळ आहे. त्या घड्याळावर काकांचा विशेष राग.

कारण नियम चौदा.

आता मी शाळेत मराठी शिकवते. चोवीस वर्षं लाल पेन चालवलंय. घरी माझंही 'मले-तुले' असतं, पण लिहिताना शुद्ध लिहावं असं मी मुलांना बजावते. पहिल्या आवृत्तीची पुस्तिका काकांनी मला वाचायला दिली तेव्हा माझा हात शिवशिवला. छापखानेवाल्यानं आपण बोलतो तसंच छापलं होतं. नियम चौदा असा: 'समोरचा विचार करून राहिला असन तर थांबावं.' म्हणजे, समोरचा विचार करतोय ना, मग गुपचूप थांबा.

दुसरीच्या संपादकाला आपली बोली कळली नाही. त्यानं ते शुद्ध केलं: 'समोरचा विचार करत राहिल्यास थांबवावे.' एका 'व'नं सगळंच फिरलं. थांबायचं होतं, त्याऐवजी थांबवायला लागले. तिसरीनं त्यावरून वेळ ठरवली, विचाराला दोन मिनिटं. चौथीनं एक मिनिट केली, वाळू संपली की पाळी बाद.

"एक माणूस शुद्धलेखन कराले गेला," काका म्हणतात, "अन् सगळ्यायले घाई लावून देली." असं म्हणून ते माझ्याकडे बघतात, जणू तो माणूस मीच.

हे भाषण चालू असतं तेव्हा काकू आतल्या खोलीत असतात. सुमनकाकू. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. आधी मी जायची त्यांना भेटायला. मग काय बोलावं कळेना, म्हणून जाणं कमी केलं. खोटं कशाला सांगू.

यंदा सोसायटीच्या वर्धापनदिनाला मी 'नाकेबंदी'ची स्पर्धा ठेवली. पट चारच, तेही काकांचे, म्हणून आठ खेळाडू. फेरी एकच, प्रत्येक पटावर जिंकणाऱ्याला संत्रा बर्फीचा डबा. नावं कागदावर लिहून मागवली होती; आठव्या कागदावर वाकड्यातिकड्या अक्षरात 'सु. रामटेके' लिहिलेलं होतं. नकाशे काढणाऱ्या माणसाचं अक्षर एवढं गचाळ कसं, असं म्हणून मी नवऱ्यासमोर हसलेसुद्धा.

नियम मी चौथ्या आवृत्तीचे लावले. पाच वाजता सुरू, सातला बक्षीस, साडेसातला पुरी-भाजी. काका तयारीच्या मीटिंगला आले ते चारही पुस्तिका बगलेत मारून.

"चौदावा नियम पयलीचा लावा," ते म्हणाले. "बाकीचे तुमाले वाटन ते लावा."

"काका, मग पुऱ्या दुसऱ्या दिवशी खाव्या लागतील."

"खाऊ ना मंग. बिघडते काय?"

अर्धा तास हेच. शेवटी माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "काका, तुम्हाले स्वतःले विचार कराले वेळ लागते, असं सरळ सांगा ना. आम्ही तुम्हाले दोन मिनिटं जास्त देऊ."

सगळे हसले. काकांनी चार पुस्तिका नीट एकावर एक रचल्या, कडा जुळवल्या. "डबे मात्र घेऊन जा हो," म्हणाले. "लोकायनं खेळलं पाहिजे. फक्त नाव कापून टाका आमचं." आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं वर गेले.

मला रात्रभर टोचत राहिलं. मी फाटक्या तोंडाची आहे हे मला माहीत आहे, पण काकांना हसण्यावारी नेणं बरोबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि तशीच पर्स घेऊन त्यांच्याकडे गेले, माफी मागायला. दार उघडंच होतं, कूलर चालू होता. मी "काका" म्हणणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पलंगाशेजारी पहिली आवृत्ती मांडलेली होती. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. पत्ते उभे धरायला काकांनी लाकडी पट्टीला खाच पाडली होती, त्यात पाच पत्ते रांगेत. काकूंचा डावा हात त्या पत्त्यांवर थांबलेला.

"बस," काका हळूच म्हणाले. "विचार करून राहिली सुमन."

मी बसले. सवयीनं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं गेली, सात गेली. मला दोनदा वाटलं की आपणच तो पत्ता उचलून द्यावा. काकांची नजर पटावरच होती, ते एकदाही चुळबुळले नाहीत. अकराव्या मिनिटाला काकूंनी एक पत्ता काढला आणि काकांच्या गाडीसमोर ठेवला. संत्री, बंदूकवाला.

काकांनी कपाळाला हात लावला. "घ्या. अडवलं मले पुन्हा. तीन दिवसांपासून बाजार पाहू नाही देऊन राहिली ही बाई."

काकू अर्ध्या ओठानं हसल्या. बरोबर अर्ध्याच ओठानं, पण ते हसू जुनंच होतं, जिन्यात भेटल्यावर हसायच्या तेच.

चहा करताना काका स्वयंपाकघरात बोलले. "डोक्यात सगळं जागच्या जागी आहे वं तिच्या. फक्त बाहेर यायले वेळ लागते. पण कोणी थांबतच नाही. पोरगा फोनवर 'हो आई, समजलं' म्हणते अन् ठेवून देते. नर्सबाई तिचं वाक्य स्वतःच पुरं करते, अन् चुकीचं पुरं करते. मंग तिनं बोलनंच सोडून देलं. तो कागद तिनं लिहिला होता. डाव्या हातानं. मले म्हणे, मी खेळतो." 'म्हणे' म्हणताना त्यांनी चहा गाळायचा थांबवला. ते गाळणीत बघत राहिले.

सु. रामटेके. सुखदेव नव्हे, सुमन. आणि मी त्या अक्षराला हसले होते.

"मग मीटिंगमध्ये सांगायचं नाही का काका? कोणी नाही म्हटलं असतं?"

"म्हणूनच नाही सांगतलं. सगळे दया करून हरले असते. तिले कळते ना. सवलत नाही पाहिजे तिले, नियम पाहिजे. सगळ्यायसाठी."

मी घरी आले, लाल पेन काढलं आणि नवीन सूचना लिहिली. नियम चौदा, पहिल्या आवृत्तीप्रमाणे, जसाच्या तसा. 'करून राहिला असन' हे शब्द बोर्डावर लावताना माझा हात जरा अडखळला, पण एक अक्षर सुधारलं नाही. लगेच ग्रुपवर कटकट सुरू झाली. पुऱ्यांचं काय, दुसऱ्या मजल्यावरच्यांना नागपूर-पुणे गाडी पकडायची आहे त्यांचं काय, मॅडमना अचानक काय झालं. मी लिहिलं, सेक्रेटरी मी आहे, ज्याला घाई आहे त्यानं कॅरम खेळावा.

रविवारी काकू दोन वर्षांनी खाली आल्या. व्हीलचेअर, इस्त्रीची साडी, केसात पांढरं फूल. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या आणि काकूंसमोर आले मी. वशिला नाही, चिठ्ठीच तशी निघाली.

आमच्या वाट्याला पहिली आवृत्ती आली. बाकी तीन पट पाऊण तासात आटोपले. आमचा चालूच. पुऱ्यांचा वास पार्किंगभर सुटला. लोक खुर्च्या ओढून भोवती बसले. काका मात्र लांब, मोटारसायकलींच्या रांगेशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते. मी मन लावून खेळत होते, देवाशपथ. मुद्दाम हरले असते तर काकांनी मला आयुष्यभर तोंड दाखवलं नसतं. माझी गाडी बाजारापासून दोन घरांवर होती आणि काकूंचा हात पत्त्यांवर थांबला.

तळमजल्यावरच्या त्या भाडेकरू बाई वाकून म्हणाल्या, "संपला का हो खेळ?"

"नाही," मी म्हटलं. "विचार करून राहिल्या काकू."

चोवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून हे सगळ्या सोसायटीसमोर निघालं. मोटारसायकलींकडून कोणीतरी जोरात नाक शिंकरलं.

काकूंनी संत्री टाकला. माझा रस्ता बंद. पुढच्या तीन पाळ्यांत त्यांची सागाची बैलगाडी चाकं फिरवत बाजारात गेली. टाळ्या पडल्या. काकूंनी डावा हात वर केला, तशा टाळ्या थांबल्या. त्यांचे ओठ हलायला लागले.

"बर..." त्या म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. बरं वाटलं, असंच म्हणायचं असणार त्यांना. बिचाऱ्या. ते शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. पण नियम म्हणजे नियम. मी दातांत जीभ धरून थांबले. पार्किंगमधले चाळीस लोक थांबले. पुरीवाल्यानं झारा वर धरला तो तसाच धरला.

"बर...फी," काकू म्हणाल्या. "कुठं आहे?"