पाचव्या रांगेतलं भात

वाणगावच्या लग्नाला मी जायचं नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं. लग्न बायकोच्या, म्हणजे इंदूच्या, भाच्याचं. कचेरीत तपासणी होती, आणि सासुरवाडीच्या लग्नांत मला नेहमी पंगतीत वाढायला लावतात. (जावयाचा मान पहिली दोन वर्षं असतो. पुढे जावई नुसता मनुष्यबळात धरला जातो.)

हे १९६६ सालच्या मे महिन्यातलं. आम्ही बोईसरला राहत होतो. मुलगी दमयंती दहावीत पहिली आली होती. तिच्या कमलाकांत सरांनी तिला एका परीक्षेबद्दल सांगितलं होतं. देशभरातून शास्त्रात हुशार अशी अकरावीतली मुलं निवडायची, त्यांना कॉलेज संपेपर्यंत शिष्यवृत्ती द्यायची आणि सुट्टीत मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकवायचं. मात्र आधी स्वतःच्या हाताने केलेल्या प्रयोगाचा अहवाल पाठवायला हवा. आमच्या भागातून तोवर कुणी तो पाठवला नव्हता.

आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या सोमीबाईचं खाडीकडचं शेत, बांध फुटून खारं पाणी शिरल्यापासून दोन वर्षं पडीक होतं. दमयंतीने तिच्याकडून भाताचं बी घेतलं, तळाला भोकं पाडलेल्या वीस डब्यांत पेरलं आणि अंगणात पाच रांगा मांडल्या. पहिल्या रांगेत साधी माती. पुढे प्रत्येक रांगेच्या मातीत थोडं थोडं जास्त मीठ. कुठल्या रांगेपर्यंत भात तग धरतं, ते पाहायचं. रोज सकाळी पट्टी लावून ती रोपांची उंची लिहून ठेवायची.

आईबरोबर लग्नाला निघताना ती म्हणाली, "तात्या, दोनच दिवस. रोज प्रत्येक डब्याला एक वाटी पाणी. जास्त नाही."

"अगं, मला काय पाणी घालता येत नाही?"

"येतं. म्हणूनच सांगतेय."

पहिल्या दिवशी सकाळी मी वाटीनेच घातलं. पण पाचव्या रांगेकडे पाहवेना. चार डबे, आणि चारही डब्यांतली रोपं काविळीच्या रोग्यासारखी पिवळी, माना टाकलेली. मी फायली दाबून ठेवल्या असतील, पण तहानलेल्याचं पाणी कधी अडवलेलं नाही. विहिरीवरून बादली आणली आणि चारही डब्यांना सावकाश आंघोळ घातली. तळातून पाणी वाहून गेलं. मला बरं वाटलं. दोन दिवसांत अशा सहा बादल्या झाल्या.

लग्नाहून आल्यावर चौथ्या दिवशी दमयंती अंगणातून ओरडत आत आली.

"आई! पाचव्या रांगेला नवी पानं फुटली! तिने मीठ पचवलं!"

मी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

संध्याकाळी कमलाकांत सर आले. उकिडवे बसून त्यांनी एकेक रोप निरखलं. "चौथी रांग मेली आणि पाचवी जगली? विलक्षण आहे. दमयंती, असा अहवाल गेला तर तुझी निवड कुणी अडवू शकत नाही."

इंदूने डोळ्यांना पदर लावला. मी गप्प बसायचं ठरवलं. (आयुष्यात मी घेतलेल्या निर्णयांपैकी बहुतेक गप्प बसण्याचेच आहेत.) चार डब्यांतल्या भाताने कुणाचं काय बिघडणार होतं?

तेवढ्यात सोमीबाई टोपली घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आमच्या खाडीकडच्या शेतात ह्येच बी पेरलं तर चालंल?"

"चालेल असं दिसतंय," दमयंती म्हणाली.

"मंग यंदा आमी समदं बी तिकडंच टाकतो. घरात ठेवलंय तेवढं सगळं."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"सोमीबाई, टाकू नकोस," मी म्हणालो. "बी मीठ पचवत नाही. मी पाणी घातलं."

"वाटीने ना?" दमयंतीने विचारलं.

"बादलीने."

दमयंतीचा चेहरा पांढरा पडला. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. सरांनी नुसती टोपी सारखी केली.

सोमीबाई मला म्हणाली, "भाऊ, येळेवर बोललात. नायतर आमचं वरसाचं बी खारीत गेलं असतं." मला मात्र पलंगाखाली जाऊन बसावंसं वाटत होतं.

पाऊण तासाने दार उघडलं. दमयंतीचे डोळे लाल होते, हातात वही होती.

"तात्या, किती बादल्या? किती वाजता? पाणी खालून वाहून गेलं का? त्याचा रंग कसा होता?"

कचेरीतल्या तपासणीत मला इतका घाम फुटला नव्हता. मी म्हटलं, "अगं, हे कशाला आता? नवीन पेरायला दिवस नाहीत."

"खरं झालं तेच लिहिणार. मीठ भाताने नाही पचवलं. तुमच्या पाण्याने मातीतलं मीठ धुऊन गेलं, म्हणून पाचवी रांग जगली."

"लिही," एवढंच सर म्हणाले.

अहवाल तसाच गेला. पुढे लेखी परीक्षा झाली, मग मुंबईला मुलाखत. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "माझ्याविषयी काही निघालं का गं?"

"निघालं. म्हणाले, हे धुऊन काढायचं वडिलांना कसं सुचलं?"

"मग?" मी जरा ताठ उभा राहिलो.

"मी म्हटलं, सुचलं नाही, सर. राहवलं नाही."

निवडीचं पत्र आलं त्या दिवशी मी पालघरपर्यंत जाऊन पेढे वाटले. सुट्टीत चार आठवडे तिला प्रयोगशाळेत शिकायला जायचं होतं. पत्रामागे नियम छापले होते आणि सातवा नियम होता, 'पालकांना प्रयोगशाळेत प्रवेश नाही.'

"हा नियम सगळ्यांनाच असतो," मी इंदूला समजावलं.

"असेल," ती म्हणाली. "पण आपल्या पत्रात त्याच्याखाली लाल शाईने रेघ मारलीय."

मी चष्मा लावून पाहिलं. एक नव्हती. दोन होत्या.