भालेरावभावजींचे हिवाळी पाहुणे

बहारीनहून कुणी रजेवर भारतात निघालं की बाकीचे त्याच्या गळ्यात पार्सलं मारतात. दुधाच्या पावडरीचे डबे, कुणाच्या पोराचे बूट, कुणाच्या सासूचं अत्तर. भालेरावभावजी मात्र पार्सल द्यायचे नाहीत, काम द्यायचे. "वहिनी, मनमाडला आमच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं आणि नळाशी धोबी आलाय का तेवढं बघून यायचं. बसून हं. उभ्याउभ्या पक्षी दिसत नाही."

हा धोबी म्हणजे कपडे धुणारा नव्हे. चिमणीएवढा काळापांढरा पक्षी, सारखी शेपटी हलवणारा. थंडीला येतो, ऊन तापलं की जातो.

भावजी मनामात आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. एसीचे टेक्निशियन. उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नाही, आणि नोव्हेंबरात लोकांचे एसी बंद झाले की यांचं डोकं चालू. दर शुक्रवारी आम्हाला गाडीत कोंबून तुब्लीच्या खाडीवर न्यायचे. लांब चिखलात गुलाबी रांग दिसायची. आमचे हे म्हणायचे, "बगळे दिसतायत." भावजी म्हणायचे, "रोहित पक्षी. फ्लेमिंगो. मफी चर्चा." मफी म्हणजे अरबीत 'नाही'. भावजींनी पक्षी ओळखला की विषय संपला.

एकदा रिफाच्या सर्कलला हिरवळीवर तुरेवाला हुदहुद पक्षी दिसला म्हणून भर रस्त्यात ब्रेक मारला. मागच्या अरबाने काच खाली करून जे काही ऐकवलं, ते समजायला अरबी यावं लागत नव्हतं. भावजी शांत. "त्यालाही दाखवूया का?"

असा छातीठोक माणूस एकाच बाबतीत गप्प होता. आई गेली तेव्हा त्यांना वेळेवर सुटी मिळाली नाही, ते पोचले नाहीत. वडिलांनी बोलणं टाकलं. पत्राला उत्तर नाही, शेजाऱ्यांकडे फोन केला तर यायचे नाहीत. तेव्हापासून भावजी मनमाडला गेले नव्हते. वडिलांनी एकदा बोलावं, यापलीकडे त्यांना काही नको होतं, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

डिसेंबरात मी भाचीच्या लग्नाला नाशिकला गेले. लग्नघर सोडून मनमाडला पक्षी बघायला जायचं म्हणजे मलाही वेडच लागलं होतं. पण गेले. वडील ओट्यावरच होते. रेल्वेतून रिटायर झालेले, अंगात जुना खाकी स्वेटर. मी जयभीम केला, बहारीनहून आले म्हटलं. त्यांनी खुर्ची सरकवली, स्वतः चहा करून आणला आणि नळाकडे बघत बसले. मुलाचं नाव नाही. मला तर असा राग आला की, आबा, इतका हट्ट बरा नव्हे, हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सांडलेल्या पाण्यात धोबी उतरला.

"आला," म्हातारा म्हणाला. "दिवाळीपासून येतोय."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मागच्या साली एक फिटर पाठवला होता, आता तुम्ही. त्याला म्हणावं, लोकं काय पाठवतो? स्वतःचे डोळे फुटले का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पक्षी नुसतं निमित्त. म्हाताऱ्याजवळ कुणीतरी घटकाभर बसावं, एवढंच भावजींना हवं होतं. आणि म्हाताऱ्याला ते पहिल्यापासून कळत होतं.

परत आल्यावर जिन्यातच भावजींना सगळं सांगितलं. धोबी आलाय म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. पुढचं ऐकलं आणि चेहराच बदलला.

"असंच म्हणाले? डोळे फुटले म्हणाले?"

"अगदी ह्याच शब्दांत."

ते पायरीवर बसले आणि रडले. मग तोंड पुसून मजल्यामजल्यावर सांगत सुटले, वडिलांनी मला शिवी घातली म्हणून.

लीव्ह मिळाली ती ऐन मे महिन्यात, कामाच्या धबडग्यात, साहेबाशी भांडून. आमच्या ह्यांना चेष्टा केल्याशिवाय राहवेना. "भालेराव, मेच्या उन्हात मनमाडला कुठला पक्षी?"

"कुठलाच नाही," बॅगेचा पट्टा आवळता आवळता भावजी म्हणाले. "आबा आहेत."