मगदूमांची खाकी पिशवी

कासारशिंगीत कापडी पिशवीनं एकटीनं बाजारात जाऊन यावं असा कायदा झाला, आणि पिशव्या जाऊन येऊ लागल्या.

कायद्याचं म्हणणं साधं होतं. प्लास्टिक बंद झालं होतं. कापडी पिशवी पुन्हा पुन्हा वापरता येते की नाही, हे मालकाला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण आपल्या पिशवीला कुणीच वाईट म्हणत नाही. तेव्हा पिशवीनं ते स्वतः सिद्ध करावं. पिशवी मानक कार्यालयातून लोखंडी वजनं घेऊन निघायचं, ती बाजाराच्या कमानीखाली ठेवायची आणि दुपारचा भोंगा व्हायच्या आत रिकामं परत यायचं. रिकामं अशासाठी, की साहेबांना आतली शिवण तपासता यावी. पास होणाऱ्या पिशवीच्या बंदावर शिक्का बसे. नापास होणारीला एक फेरपरीक्षा मिळे, आणि तीही गेली तर कार्यालयात तिचं पायपुसणं होई.

अक्काताई मगदूमांची पिशवी खाकी होती. त्यांचे यजमान, दादू मगदूम, एस.टी.त कंडक्टर होते. ते गेल्यावर अक्काताईंनी त्यांच्या पँटची पिशवी शिवली आणि मागचे दोन्ही खिसे बाहेरच्या बाजूला तसेच राहू दिले. दादूंच्या हयातीत वाटेवरच्या गावांतली माणसं त्यांच्याकडे पिशव्या देत. कुणाच्या लेकीला लोणचं, कुणाच्या होस्टेलवरच्या पोराला भाकऱ्या. दादू त्या इमानानं पोचवत आणि पिशव्या परत आणून देत. रिकामी पिशवी परत करायची नाही, ही रीत सगळ्या गावाचीच. पण दादूंनी ती नोकरीसारखी पाळली. पिशवी घेणाऱ्यानं आत काही घातलं नाही, तर ते दारात उभे राहत. बोलत नसत, मागत नसत. नुसते उभे. मग घरातली बाई आत जाऊन चिमूटभर साखर तरी घेऊन येई.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दादूंची मेल्यावरही पँटीत राहिली होती.

पहिल्या परीक्षेला खाकी पिशवी वजनं घेऊन ताठ गेली. कमानीखाली ती व्यवस्थित उतरवली. भोंग्याच्या आत परतही आली. निरीक्षक हणबर साहेबांनी तिचं तोंड उघडलं, तर तळाशी कोथिंबिरीची काडी आणि दोन लिंबं.

"नापास," साहेब म्हणाले.

"का ओ? शिवण उसवलीय का कुठं?"

"शिवण उत्तम आहे. पण पिशवी रिकामी नाही."

"आमच्यात पिशवी रिकामी परत येत नसती, साहेब."

"ते तुमच्या घरी. नियमात 'रिकामी' असा शब्द आहे." साहेबांनी लिंबं टेबलावर काढून ठेवली आणि फेरपरीक्षेची तारीख दिली. माणूस वाईट नव्हता. नियमाच्या बाहेर पाय टाकायची त्याला सवय नव्हती, इतकंच.

अक्काताई घरी आल्या, पिशवी खुंटीला न लावता पाटावर बसवली आणि समोर मांडी घालून बसल्या.

"अहो, ऐका जरा. माझ्यासाठी एकदा हात हलवत या. एकदाच. न्हाईतर तुमच्यावर गावाचे पाय पुसतील ते. मला ते बघवायचं न्हाई."

पिशवीनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरावाला म्हणून अक्काताईंनी तिला गिरणीत पाठवलं, तर मूठभर पीठ घेऊन आली. बहिणीकडे पाठवलं, तर पेरू घेऊन आली. देवळात तरी काय मिळणार म्हणून तिकडे पाठवलं, तर प्रसादाचा शिरा आला. अक्काताईंनी शिरा खाल्ला आणि पदर खोचला. खोड पिशवीची असली तरी घालणारे हात गावाचे होते. तेव्हा त्या बाजारात गेल्या आणि एकेका गाळ्यापुढे उभं राहून हात जोडले. फेरपरीक्षेच्या दिवशी आमच्या पिशवीत कुणी काही घालू नका. कोथिंबीरवाली मालन तोंडावर हात ठेवून म्हणाली, "काकू, मगदूम काकांना रिकामं लावून देऊ? कसं व्हईल माझ्यानं?"

"व्हायलाच पायजे," अक्काताई म्हणाल्या.

इकडे गावात वेगळाच गोंधळ माजला होता. शिक्क्याच्या पिशव्या परीक्षेत शिकलेलं विसरायला तयार नव्हत्या. बाजारातून त्यांत वांगी भरा, कांदे भरा. त्या कमानीखाली सगळं उतरवून ठेवत आणि रिकाम्या घरी येत. हातात धरून नेलं तरी कमान आली की हिसडा देऊन मोकळ्या होत. पदरातून भाजी न्यावी, तर पदराला शिक्का नव्हता. कमानीखालचे ढीग खाऊन गावातली गुरं तुकतुकीत झाली, आणि कायदा पाळणाऱ्या घरांत दोन्ही वेळा पिठलं शिजू लागलं. हणबर साहेबांच्या घरची पिशवी तर गावातली पहिली शिक्क्याची. साहेबांच्या अंगाला आता बेसनाचा वास येई. तक्रार घेऊन येणाऱ्याला ते सांगत, "पिशवी मानकाप्रमाणे चालते आहे."

फेरपरीक्षेच्या दिवशी खाकी पिशवी वेळेवर निघाली. भोंगा झाला. पिशवी आली नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खेदानं मान हलवली. "उद्या सकाळी आणून जमा करा, बाई. मालकानंच आणायची असते."

अक्काताई बाजारात धावल्या. वजनं कमानीखाली नीट ठेवलेली होती, आणि मालनच्या गाळ्यापुढे खाकी पिशवी उभी होती. बोलत नव्हती, मागत नव्हती. नुसती उभी. मालन दुसरीकडे तोंड करून रडत होती.

बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण कुणाच्या दारातून रिकामा कधी आला नव्हता. आणि आज सगळ्या बाजाराला हात जोडून आपणच त्यांना उन्हात उभं केलं, याची त्यांना लाज वाटली. इतकी, की भोंग्याचं दुःख मागे पडलं.

"घालू का ओ काकू? आता तर भोंगाबी झाला," मालननं विचारलं.

"घाल. कोथिंबीर घाल. आणि शेजारच्याची चार काटेरी वांगीबी घाल." मग त्या पिशवीकडे वळल्या. "चला घरी. उद्या साहेबांकडं जायचंय. तुम्ही तुमच्या रीतीनंच चला. माझं चुकलं."

सकाळी कार्यालयात शिपाई कात्री घेऊन तयार होता. अक्काताई आल्या, शेजारून पिशवी आली. पिशवी जड होती.

"रिकामी करून द्या," साहेब म्हणाले. "भरलेली पिशवी आम्हाला कापता येत नाही."

"कुणाच्या दारी पिशवी द्यायची तर रिकामी द्यायची नसती. तुम्हाला दिलंय. तुम्हीच काढून घ्या." एवढं बोलून अक्काताई नमस्कार करून निघून आल्या. मागं वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता, म्हणून बघितलं नाही.

साहेबांनी पिशवी उघडली. आत डबा होता, डब्यात भरली वांगी, वर फडक्यात गरम भाकऱ्या आणि फोडलेला कांदा. साहेबांनी झाकण लावलं. मग उघडलं. शिपायानं कात्री खाली ठेवली. पोटापुढे कुणाचं काही चालत नाही. दोघांनी बोटं चाटून खाल्लं, डबा धुऊन पिशवीत ठेवला, आणि मग साहेबांच्या लक्षात आलं की पिशवी टेबलापुढे उभी आहे.

"कापू, साहेब?" शिपायानं विचारलं.

"थांब जरा."

पिशवी थांबलीच होती. साहेबांनी एक अर्ज वाचायला घेतला. पिशवी उभी. साहेब खिडकीशी जाऊन आले. पिशवी उभी. साहेबांनाही आई होती, आणि शेजारणीचं भांडं रिकामं नेऊन दिलं म्हणून त्यांनी लहानपणी मार खाल्लेला होता. त्यांनी खण उघडून पाहिला. टाचण्या, शाईचा पॅड, सुतळी. कपाट पाहिलं. फायली.

"अरे, साखर आहे का चहाची?"

"काल संपली, साहेब. वाण्याकडनं आणलेली आपल्या शिक्क्याच्या पिशवीनं कमानीखाली ठेवली."

साहेब खुर्चीत बसले. कार्यालयात देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

दुपारी भोंगा होऊन बराच वेळ गेला होता. अक्काताई उंबऱ्यात बसल्या होत्या. चूल पेटवायची इच्छा नव्हती. रस्त्याच्या टोकाला खाकी रंग दिसला तेव्हा त्या उठल्या नाहीत, उठवेना. पिशवी नेहमीच्या चालीनं आली आणि त्यांच्यापुढे थांबली. उजव्या बंदावर शाई अजून ओली होती.

अक्काताईंनी आत हात घातला. धुतलेला डबा. डब्यात चौघडी केलेला कागद. त्यावर साहेबांच्या हातचं लिहिलं होतं: परतीच्या वेळी स्थिती, रिकामी नाही. निकाल, पात्र. खाली गोल शिक्का.

कागद त्यांनी पिशवीच्या मागच्या खिशात सारला, जिथे दादू तिकिटांचे सुटे पैसे ठेवत, आणि पुन्हा तळाला चाचपून पाहिलं. कोथिंबीर होती. वाटेत बाजार लागतो.

"अहो, किती उशीर," अक्काताई म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडायला बसल्या.