मैदानावर ताई म्हणायचं नाही

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता टेनिसच्या सराव सामन्यातला पहिलाच चेंडू माझ्या आणि सो-उलच्या बरोबर मधून गेला, मागच्या जाळीवर आपटला आणि घरंगळत परत आमच्या पायाशी आला. आम्ही दोघी जागच्या हललो नव्हतो. मग दोघींनी एकमेकींना कमरेत वाकून "माफ करा" म्हटलं. समोर शाळेच्या संघातल्या दोन मुली होत्या. एकीच्या दातांना तारा होत्या. त्या जिंकल्या!

आदल्याच आठवड्यात मी आमच्या प्रशिक्षकांना, प्यो सरांना, छातीठोकपणे सांगितलं होतं, "सर, दुहेरी म्हणजे काय? निम्मं मैदान! सोळा वर्षं अख्खं मैदान एकटीने झाडलंय मी. निम्म्याचं काय घेऊन बसलात!"

सर काही घेऊन बसले नव्हते. ते उभ्या उभ्याच बोलले.

"चो-रोंग, एकेरीतलं तुझं संपलं. नगरपालिकेला पदक लागतं. शरद स्पर्धेत सो-उलबरोबर दुहेरी खेळ आणि पदक आण. नाही आणलंस, तर डिसेंबरात तुझा करार संपेल. मग माझ्याकडे बघू नकोस."

एकेरीतलं माझं खरंच संपलं होतं. जगाच्या क्रमवारीत मी एकदा दोनशे अठ्ठ्याण्णवावी होते. एकदा म्हणजे एक आठवडा. पुढच्या सोमवारी परत तीनशेच्या बाहेर! परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत पात्रता फेरी खेळले, तेव्हा पाऊस येईपर्यंत मी पुढे होते. पाऊस थांबला. आता चौतिसाव्या वर्षी जिना चढताना माझ्याआधी माझा गुडघा बोलतो. हेसान नगरपालिकेचा संघ म्हणजे माझा पगार, वसतिगृहातली माझी खोली आणि सकाळी उठण्याचं एकुलतं एक कारण. तो सुटला तर मला दुसरं काहीही येत नाही. भातसुद्धा कुकरच लावतो!

सो-उल वीस वर्षांची. हात असा, की चेंडूला घाम फुटावा. पण पोर इतकी संस्कारी, की मी पाणी प्यायल्याशिवाय ती बाटलीचं झाकण उघडत नसे. मधला चेंडू तिच्या मते माझा, कारण मी मोठी. तो तिने घेणं म्हणजे माझ्या ताटातला घास उचलणं! माझ्या मते तो तिचा, कारण तिचा फोरहँड मधल्या बाजूला आणि दुहेरीची रीतच तशी. त्यामुळे चेंडू कोणाचाच नव्हता. तो प्रतिस्पर्ध्यांचा होता.

"हे बघ," मी म्हटलं, "चेंडू घ्यायचा असेल तर ओरडायचं. लाजायचं नाही."

"हो ताई."

दुसऱ्या दिवशी मधे चेंडू आला आणि सो-उल खरंच ओरडली, "ताई, तुमची हरकत नसेल तर हा चेंडू मी घेऊ का?"

'ताई' म्हणेपर्यंत चेंडू जाळ्यावरून आला होता, 'हरकत' म्हणेपर्यंत टप्पा पडला होता आणि 'घेऊ का' म्हणेपर्यंत तो वाहनतळावर प्यो सरांच्या गाडीखाली होता.

मग मी तो थोर निर्णय घेतला. "सो-उल, आजपासून मैदानावर मला ताई म्हणायचं नाही. अहो-जाहो बंद. सरळ अगं-तुगं! 'सोड', 'हट', 'माझा'. बस्स!"

ती रडली. मग तिने आईला फोन केला. मग तिच्या आईने मला केला. "आम्ही मुलीला फार कष्टाने वळण लावलंय हो. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच असं शिकवलंत तर?"

मी म्हटलं, "काकू, फक्त दोन पांढऱ्या रेघांच्या आत."

सुरुवातीला तिला मला 'हट' म्हणवेना, म्हणून मी तिला चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभं केलं. ती यंत्राला वाकून नमस्कार करायची आणि मग "ए, हट!" म्हणायची. चार दिवसांत नमस्कार गेला. आठवड्यात तिला चव लागली! मी जरा उशिरा हलले की मागून आवाज यायचा, "ए म्हातारे, हो बाजूला!" मी बाजूला व्हायचे आणि माझ्या कानाजवळून गोळी सुटावी तसा चेंडू जायचा. आम्ही तारावाल्या मुलींना हरवलं. रेघेबाहेर पाऊल पडलं की सो-उल पुन्हा वाकून म्हणायची, "ताई, पाणी देऊ?" मी सुखात होते. इतकी वर्षं मैदानावर मला कोणी बोलायलाच नव्हतं!

शरद स्पर्धेत आमच्या संघाच्या कांस्यपदकाच्या लढतीत एकेरीचे दोन सामने एक-एक असे सुटले आणि सगळं आमच्या दुहेरीवर आलं. आणि नेमके त्याच दिवशी नगरपालिकेचे क्रीडा विभागप्रमुख यूक साहेब ढोल, फलक आणि चाळीस कर्मचारी घेऊन प्रेक्षकांत बसले. करारावर सही यांचीच!

पहिल्या सेटमध्ये सो-उल अंगात आल्यासारखी खेळली. "सोड! माझा! झोपलीस का गं, म्हातारे?" आम्ही सहा-दोनने सेट घेतला. मी वळून बघितलं, तर ढोल थांबलेला. चाळीस माणसं अंत्ययात्रेला आल्यासारखी बसलेली.

प्यो सर बाकावर पांढरेफटक पडले होते. "साहेब विचारतायत, या दोघींचं भांडण आहे का? चौदा वर्षांनी लहान पोरगी हिला म्हातारे म्हणते आणि ही मान हलवते? सो-उल, आत्ता माफी माग!"

"सर, ती आमची पद्धत..." मी तोंड उघडलं.

"तू गप्प बस!"

सो-उलने भर मैदानात गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. टाळ्या पडल्या. ढोल पुन्हा सुरू झाला. आणि दुसऱ्या सेटमध्ये पहिलाच चेंडू आमच्या मधून, कोणाचीही हरकत नसताना, निघून गेला.

एक-सहा.

दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक सुरू होताना मी तिचा हात धरला. "सो-उल, मला शिव्या दे."

"ताई, साहेब बघतायत."

"बघू देत! म्हातारी म्हण, काही म्हण! माझी नोकरी चाललीय गं!"

"मला नाही जमणार, ताई. तुम्ही इतक्या चांगल्या आहात."

"मी चांगली नाहीये!" मी किंचाळले. "काल तुझं दही मीच खाल्लं!"

पंचांनी मला आवाज चढवल्याबद्दल ताकीद दिली. सो-उल मात्र माझ्याकडे बघतच राहिली. बहुधा दह्याचंच लागलं असावं. आठ-आठला तिने दात-ओठ खात चेंडू मारला. नऊ-आठ! मग समोरच्यांनी उंच चेंडू टाकला. मी तो घ्यायला त्याच्याखाली जाऊन उभी राहिले, तोच मागून गर्जना आली, "ए थेरडे, खाली बस!"

मी बसले. इतक्या शिस्तीत मी शाळेतही बसले नव्हते. डोक्यावरून चेंडू गेला, टप्पा पडला आणि आम्ही जिंकलो! कांस्यपदक! ढोल वाजला नाही.

बक्षीस समारंभात यूक साहेबांनी माझ्या गळ्यात पदक घातलं आणि ते हळूच म्हणाले, "पदक ठीक आहे. पण जिचा मान धाकटे ठेवत नाहीत, तिला संघात मोठी म्हणून ठेवायची कशी?" पदक आणलं म्हणून करार राहायला हवा होता. ते ज्या रीतीने आणलं, त्या रीतीमुळेच तो लटकला.

त्यांनी शेवटी सो-उललाच बोलावून विचारलं, पुढच्या वर्षी हिच्याबरोबर खेळशील का? एक 'हो' पुरेसं होतं. हे मला प्यो सरांकडून कळलं.

"मग काय म्हणाली ती?"

"फार नम्रपणे बोलली गं. डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. म्हणाली, ताईंनी माझ्यासाठी खूप सोसलं. त्यांच्याबद्दल मी लहान तोंडी काय बोलू? त्यांना आता विश्रांती मिळाली तर बरं."

साहेबांना उत्तर फार आवडलं म्हणे. निर्णय अजून आलेला नाही. आज सकाळी सो-उलकडून लाल जिनसेंगचा, म्हणजे अंगात ताकद यावी म्हणून देतात त्या मुळीचा, डबा मात्र आला आहे. गेल्या सणाला मी असाच डबा माझ्या आजीला दिला होता. आजी ब्याण्णव वर्षांची आहे. तिचा डबा लहान होता.