डाव्या इंजिनाची शिट्टी

मिक्सरचा वॉशर आणायला गेलेला माणूस अंतराळयान घेऊन परत आला, तेव्हाच खरं तर त्याच्या बायकोने दाराला आतून कडी घालायला हवी होती. पण ती आतल्या खोलीत कुणाच्या तरी पेटीचे सूर लावत बसली होती, आणि दार उघडलं त्याच्या सासूबाईंनी.

"काय आणलंत एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"यान, आई."

"छान असेल हो, पण आहे काय?"

हा माणूस वजनमापं खात्यात निरीक्षक होता. ऑफिसात त्याला सगळे मिलिमीटरराव म्हणत (तोंडावरसुद्धा, आणि त्यांना तो मानाचा किताब वाटे). मिलिमीटररावांना यानाबिनात काडीचा रस नव्हता. वॉशरच्या दुकानाशेजारी मॉडेलचं दुकान होतं आणि ते नुसते काचेतून बघत उभे होते. पण दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "ते मोठं नका बघू, साहेब. चारशे बारा भाग आहेत. महिनाअखेरच्या शनिवारी आमचं प्रदर्शन आहे, त्यात मुरलेली माणसंसुद्धा ते ठेवायला धजत नाहीत. तुम्ही आधी एखादी होडी करून बघा."

होडी. एकोणतीस वर्षं लोकांच्या मापातली चूक काढलेल्या माणसाला होडी. मिलिमीटररावांनी यान घेतलं, रंगाच्या अकरा बाटल्या घेतल्या आणि वॉशर विसरून घरी आले.

जेवणाच्या टेबलाची फाळणी झाली. खिडकीकडचा भाग सासूबाईंचा, कारण त्या तिथे सकाळपासून पेपर वाचत. उरलेल्या भागावर राखाडी प्लास्टिकचे चारशे बारा तुकडे, चिमटे, कानस आणि गोंद. घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली.

पहिले आठ दिवस उत्तम गेले. मिलिमीटररावांनी रजा टाकली, भिंग लावलं, आणि यानाला आधी पांढरा रंग देऊन त्यावर बारीक ब्रशने गंज चढवायला घेतला.

"नवीन आणलंत ना?" बायको म्हणाली. "मग गंज कशाला लावताय?"

"वापरात असलेलं दिसायला हवं. लढायांतून आलंय ते."

"वापरात असलेली इस्त्री आहे घरात. तिची वायर बघा जरा."

नवव्या दिवशी सत्याऐंशी नंबरचा भाग, म्हणजे डावं इंजिन, चिमट्यातून निसटून उडाला. टुणकन उडाला आणि गेला. मिलिमीटरराव टेबलाखाली शिरले. तासभर त्यांनी फरशीचा प्रत्येक चौकोन तपासला, सोफ्याखालून दोन पेन्सिली आणि एक मोजा काढला. कंबर धरत वर आले तर समोर, सासूबाईंच्या पेपरच्या कडेला, इंजिन पडलेलं. राखाडी, बदामाएवढं, टोकाला बारीक भोक. चित्रातल्यापेक्षा थोडं गोल होतं खरं, पण कंपनीने सुधारणा केली असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. (दुकानदाराच्या मापात केसाएवढा फरक खपवून न घेणारं मन ते हेच.) त्यांनी ते पंखाखाली पक्कं चिकटवलं आणि वरून जळका काळा रंग दिला. भोकात रंग जाऊ दिला नाही. इंजिनाच्या नळीत अंधार दिसायला हवा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचं कानातलं मशीन हरवलं.

पेपर वाचताना पानांची खसखस कानात फार वाजते म्हणून त्या मशीन काढून टेबलावर ठेवत. आता ते तिथे नव्हतं.

"आई, शेवटचं कुठे ठेवलं होतंस?" बायकोने ओरडून विचारलं.

"कोण रुसलं होतं?"

"ठेवलं. मशीन कुठे ठेवलं?"

"शिवणाचं? ते तर तू विकलंस."

मिलिमीटररावांनीही शोधायला हातभार लावला. हातातलं यान खाली न ठेवता त्यांनी सगळ्या घरभर नजर टाकली आणि गंभीरपणे निकाल दिला, "या घरात वस्तू जागेवर ठेवायची शिस्तच नाही."

बायकोने एकदम मान वर केली. "ही शिट्टी कसली वाजतेय?"

"कुठे काय वाजतंय?"

"बारीक, एकसारखी. ऐका."

मिलिमीटररावांनी कान दिला. अगदी शांत होतं. सासूबाईंना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी यान टेबलावर ठेवलं आणि बायको म्हणाली, "थांबली."

मग ती शिट्टी रोज येऊ लागली. ती स्वयंपाकघरात असताना आली, सूर लावत असताना आली. मिलिमीटरराव यान उचलून पोटाखाली रंग देत बसले असतील तर हमखास आली, पण हा मेळ कुणी घालावा? ज्याला घालता आला असता त्याला ती ऐकूच येत नव्हती.

"वरचा निषाद आहे," बायको म्हणाली. "किंचित चढा."

"अगं, तुझ्या कानात वाजत असेल. वयाने होतं असं. दाखवून घे कुणाला तरी."

हे ते सहज बोलून गेले. पण दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतून काहीच आवाज येईना म्हणून डोकावले, तर बायको पेटी पुढ्यात ठेवून नुसती बसली होती. तिचं सगळं काम कानावर. तीस वर्षांत तिने लावलेला सूर कुणी परत आणून दिला नव्हता.

"पेटीवाल्यांना निरोप दिलाय, घेऊन जा म्हणून," ती म्हणाली. "नसलेला सूर ऐकू येणाऱ्या माणसाने कुणाच्या वाद्याला हात लावू नये."

मिलिमीटरराव टेबलाशी परत आले, पण हात चालेना. पहिल्यांदाच ब्रश न धुता त्यांनी तो तसाच ठेवून दिला आणि कानाच्या दवाखान्यात फोन केला. शनिवारची सकाळ मिळाली. बायकोचे कान आणि सासूबाईंचं नवं मशीन, दोन्ही एकाच फेरीत. (आणि प्रदर्शनाचा हॉल त्याच रस्त्यावर होता, बारापर्यंत यान द्यायचं होतं. पण त्यांनी फोन केला तो काळजीनेच, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.)

दवाखान्यात तिघं ओळीने बसले. बायको मान खाली घालून, सासूबाई भिंतीवरचं कानाचं चित्र बघत, आणि मिलिमीटरराव मांडीवर खोकं घेऊन. धक्का लागू नये म्हणून त्यांनी खोक्यात हात घालून यान दोन्ही पंजांत अलगद धरलं.

बायकोने डोळे मिटून घेतले. "आली," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि कान तपासणारी मुलगी बाहेर आली. "कुणाचं मशीन शिट्टी मारतंय?" तिने विचारलं. "नीट बसलं नसेल कानात."

बायको उभी राहिली. "तुम्हालाही ऐकू येतंय?"

"येतंय की. बाहेर रस्त्यावर जाईल एवढं येतंय."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खुर्चीत परत बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मुलीने सासूबाईंचे दोन्ही कान पाहिले. रिकामे. मग ती आवाजाच्या रोखाने चालत आली आणि मिलिमीटररावांसमोर थांबली.

"या खोक्यात काय आहे?"

"अंतराळयान."

"ते वाजतंय."

"छे, कसं वाजेल? त्याची इंजिनं खोटी आहेत."

मुलीने यान हातात घेऊन उलटं केलं, पंखाखाली निरखून पाहिलं आणि म्हणाली, "एक खरं आहे."

इंजिन निघालं, पण सोबत पंखाचा कोपराही आला. मुलीने मशीन कशाने तरी पुसलं, तरी त्याचा काळा रंग गेला नाही. सासूबाईंनी ते कानात बसवलं आणि इकडेतिकडे बघितलं. "जावईबापू, हे कुठे सापडलं?"

"पंखाखाली, आई."

"बघा, मी म्हणतच होते, कुणी पंखा झाडत नाही."

बायको यावर हसली. आठवडाभरात पहिल्यांदाच हसली, आणि मिलिमीटररावांना वाटलं, एवढ्यावर सुटलो.

"पण एक कळलं नाही," मुलगी त्यांच्याकडे वळून म्हणाली. "हाताने झाकलं की हे मशीन शिट्टी मारतं, आणि यान तर तुमच्याच हातात असायचं ना? मग शिट्टी तुम्हाला कशी ऐकू आली नाही?"

पाच मिनिटांत मिलिमीटरराव काचेच्या खोलीत होते, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला त्यांनी मोठ्या उत्साहाने दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. मशीन बिघडलं असावं असं समजून ते ऐटीत वाट बघत बसले. बाहेर येऊन पाहतात तर बारा वाजून गेलेले.

मुलीने कागद पुढे केला. रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली होती. "जाड आवाज छान येतात तुम्हाला. वरच्या पट्टीतले बारीक आवाज मात्र गेलेत. आजकालचं नाही हे, दहाएक वर्षं झाली असतील."

दहा वर्षं. बायको तावातावाने बोलत असताना पेपर आडवा धरून शांत बसायचं, एक शब्दही मनाला लावून घ्यायचा नाही, हे मिलिमीटररावांना गेली दहा वर्षं साधलं होतं. ती साधना आहे, मनाचा निग्रह आहे, असं ते ऑफिसात सांगत. नुकतीच लग्नं झालेले दोन कारकून दर बुधवारी डबा खाताना त्यांच्याकडे ते शिकत होते.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ऑफिसात दाखवणार का?" बायकोने विचारलं.

हे मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं. तिने मुद्दाम जाड आवाज काढला होता.